युरोपवाली जाऊ

डेस्लीचा फोटो पेपरात छापून आला तो शुक्रवार ग्लेनिस ट्रँटर जन्मात विसरणार नव्हती. तारूम गावातल्या दुकानात ती गुरांना चाटायच्या मिठाच्या विटा घ्यायला गेली होती. दुकानदार मर्व्हने विटा पिकअपमध्ये टाकल्या, हात झटकले आणि काउंटरवरचा पेपर तिच्यापुढे सरकवला.

"ग्लेन, ही बघ तुझी जाऊबाई!"

पाचव्या पानावर अर्धं पान व्यापून डेस्ली उभी होती. जर्मनीतल्या कुठल्याशा खाद्यप्रदर्शनात, गळ्यात रेशमी स्कार्फ, हातात बीफच्या जाडजूड कापाचं ताट, आणि दोन्ही अंगांना उंच पांढऱ्या टोप्यांचे दोन आचारी. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'युरोपच्या ताटात तारूमचं बीफ.'

"छान आलाय," ग्लेनिस म्हणाली. "स्कार्फ जरा भडक वाटतो."

"घेऊन जा की. एरलला दाखव."

"नको, आमच्याकडे येतो हा पेपर."

येत नव्हता. दोन वर्षांपूर्वीच त्यांनी तो बंद केला होता. घरापर्यंतचा चाळीस किलोमीटरचा रस्ता ग्लेनिसने एकदाही रेडिओ न लावता कापला, आणि सगळ्या रस्ताभर तिच्या डोळ्यांपुढे तो स्कार्फ फडफडत होता.

या डेस्लीला शिकवलं कोणी होतं? ग्लेनिसनेच तर. ग्लेनिसचा नवरा एरल आणि डेस्लीचा नवरा ट्रेव्हर हे दोघे भाऊ. त्यांच्या म्हाताऱ्या बापाने मरण्याआधी किल्मोरी नावाच्या आपल्या शेताची जमीन ओढ्यावरून सरळ दोन भागांत तोडून दिली. ओढ्याच्या अलीकडची काळी, गवताळ जमीन थोरल्या एरलला, आणि पलीकडचं झाडझुडपांचं रान धाकट्या ट्रेव्हरला. तेव्हापासून ट्रेव्हरच्या घराला सगळे नुसतं 'पलीकडे' म्हणत. ग्लेनिस या घरात आली त्याला चौतीस वर्षं झाली. डेस्ली सहा वर्षांनी मागून आली, ब्रिस्बेनहून. दाताच्या डॉक्टरकडे बसून अपॉइंटमेंटा लिहिणारी मुलगी. न्हाणीघरात बेडूक दिसला तर किंचाळायची. गाय अडली तर हात कसा घालायचा, पाण्याच्या टाकीत मेलेला पोसम, तो मांजराएवढा झाडावरचा प्राणी, काढून टाकी कशी धुवायची, कोणत्या बैलाच्या कानात कोणता बिल्ला मारला हे वहीत कसं टिपायचं, हे सगळं ग्लेनिसने तिला हाताला धरून शिकवलं. आणि आज तीच डेस्ली आचाऱ्यांच्या मधोमध उभी.

त्याहून सलणारी गोष्ट वेगळीच होती. युरोपचा तो फॉर्म डेस्लीच्या हातात ग्लेनिसनेच दिला होता.

नऊ वर्षांपूर्वी गावच्या हॉलमध्ये सरकारी माणूस आला होता. युरोपात बीफ पाठवायचं असेल तर काय काय करावं लागतं, हे सांगायला. युरोपवाले दरवर्षी ठरावीक टनांपुरतंच मांस कमी आयात शुल्काने आत घेतात. तेवढा कोटा भरला की वर एवढा कर बसतो की कोणी घेत नाही. आणि त्या कोट्यात शिरायचं तर जनावराला जन्मात कधी वाढीची हार्मोनची गोळी दिलेली चालत नाही. इथे तर जो तो गोळी द्यायचा. कानाच्या मागे कातडीखाली ती बसवली की बैल झपाट्याने भरतो, आणि गोळी दिल्याची खूण म्हणून कानाला तिकोनी भोक पाडतात. युरोपच्या यादीतल्या शेतात असं तिकोनी भोक असलेलं एकही जनावर पाय ठेवता कामा नये, प्रत्येक वासराचा जन्मापासूनचा कागद हवा, आणि दरवर्षी तपासणी.

"म्हणजे जर्मनांना खूश करायला मी माझे बैल रोडके ठेवू?" एरल उठून म्हणाला होता, आणि हॉल हसला होता. सगळ्यांत मोठ्याने ग्लेनिस हसली. हातातला फॉर्म तिने शेजारी बसलेल्या डेस्लीच्या मांडीवर टाकला. "घे गं. तुला फॉर्म भरायला आवडतात ना?"

डेस्लीने तो घडी घालून पर्समध्ये ठेवला.

तेव्हा हसायला काही जात नव्हतं. एरलचे बैल चीनला जाणाऱ्या मांसासाठी हातोहात उचलले जायचे. चीनला द्यावं तेवढं कमी, अशी ती वर्षं होती. मग चीननेही प्रत्येक देशाला वर्षाचा कोटा ठरवून दिला, आणि तो भरला की वर किमतीच्या निम्म्याहून जास्त शुल्क. वर्षाच्या सुरुवातीला सगळे कत्तलखाने धावत सुटायचे आणि मध्यावर येऊन थबकायचे. एरलचा दलाल केरड आता फोनवर हवापाण्याच्या गप्पा मारेनासा झाला. नुसता आकडा सांगायचा. आकडा दर खेपेला खाली. पलीकडे मात्र युरोपचं दार अरुंद असलं तरी वर्षभर उघडं होतं. पलीकडे नवा व्हरांडा झाला. मग दगडी ओट्याचं स्वयंपाकघर. मग भांडी धुवायचं यंत्र. आणि आता जर्मनी.

बरं, डेस्लीने तोरा मिरवला असता तर ग्लेनिसला निदान शिव्या तरी घालता आल्या असत्या. तिने जर्मनीहून येताना ग्लेनिससाठी चॉकलेटांचा मोठा डबा आणला, वर एक हातविणीचा टेबलक्लॉथ. "तुझी फार आठवण आली गं तिथे," म्हणाली. ग्लेनिसने चॉकलेटं एरलला दिली आणि टेबलक्लॉथ कपाटाच्या तळाशी टाकला.

त्या फेब्रुवारीत ओढ्याला पूर आला आणि दोन्ही शेतांमधल्या कुंपणाचा दोनशे मीटरचा तुकडा गायब झाला. दोघा भावांनी तात्पुरती एक झटका देणारी विजेची तार ओढली. चिखल वाळला की पक्कं कुंपण घालू, असं ठरलं.

मार्चच्या अखेरीस एका सोमवारी ग्लेनिस चार चाकांच्या क्वाड बाइकवरून पाण्याचे हौद बघत ओढ्यापर्यंत गेली. पुराच्या पाण्यावर गवत कमरेएवढं माजलं होतं. पलीकडच्या काठावर ट्रेव्हरची तांबडी गुरं चरत होती. आणि त्या तांबड्या घोळक्यात एक पांढऱ्या तोंडाचा बैल.

तिने बाइक बंद केली. बैल तिच्याकडे तोंड करून रवंथ करत होता. मांडीवर डागलेली किल्मोरीची खूण, आणि उजव्या कानाला भोक. तिकोनी. इतक्या लांबून दिसलं नसतं, पण ते तिथे आहे हे तिला न बघताही माहीत होतं. गोळी दिली तेव्हा त्याचं डोकं तिनेच धरलं होतं.

तार एका जागी गवतात लोळत होती. तिथूनच तो गेला असणार.

परकं जनावर आत शिरलं तर शेतकऱ्याने त्याच दिवशी तपासणी कचेरीला कळवायचं, म्हणजे काही बिघडत नाही, हे ग्लेनिसला ठाऊक होतं. डेस्लीनेच कधी तरी सांगितलं होतं. मात्र तपासणीत आधी तपासनिसाला सापडलं, तर यादीतून नाव बाद. आणि तपासणी गुरुवारी होती. हेही डेस्लीनेच कालच फोनवर सांगितलं होतं.

ग्लेनिसने खिशातून फोन काढला. ओढ्यावर बऱ्याचदा रेंज नसते. त्या दिवशी होती. तिने डेस्लीचं नाव काढलं, त्याच्याकडे बघितलं, आणि फोन परत खिशात ठेवला. संध्याकाळी सांगू, तिने मनाशी म्हटलं. लोळणारी तार मात्र तिने उचलून खांबाला नीट बांधली, आणि मग तिला कळलं की आपण बैलाला परत यायची वाट बंद केली आहे. तरी तिने ती सोडली नाही.

संध्याकाळी एरलने बूट काढता काढता विचारलं, "कुंपण ठीक आहे ना ओढ्यावरचं?"

"ठीक आहे."

"तार?"

"सांगितलं ना, ठीक आहे म्हणून. रोज रोज काय विचारतोस?"

मंगळवार गेला. बुधवारी सकाळी डेस्लीचा फोन आला.

"ग्लेन, माझं एक काम करशील? उद्या तपासनीस येतोय आणि माझे हातपाय गार पडलेत. तुझी भोपळ्याची स्कोन्स करून देशील का? माझी दगडासारखी होतात, तुला माहितीये."

"देते की."

"तू आहेस म्हणून बरं बाई!"

ग्लेनिसने भोपळा उकडला, पीठ मळलं, मऊ, गोडसर पावासारखी दोन डझन स्कोन्स भाजली. उत्तम झाली होती. गरम गरम फडक्यात गुंडाळून ती स्वतः पलीकडे घेऊन गेली. रस्त्याने जाताना तिने ठरवलं होतं, पोचल्या पोचल्या सांगायचं. अगं, आमचा पांढऱ्या तोंडाचा तुमच्यात शिरलाय, आत्ताच बघितला. एवढंच. 'आत्ताच' म्हटलं की झालं.

दगडी ओट्यावर डेस्लीने नऊ वर्षांच्या फायली ओळीने लावून ठेवल्या होत्या. प्रत्येक वर्षाला वेगळा रंग. "बघ, हे सगळं तुझ्या त्या जुन्या वहीवरून घेतलंय," ती म्हणाली. "तू आडव्या रेघा मारायचीस ना, बिल्ला, रंग, आई, तारीख, तशाच मी मारते अजून. तपासनीस म्हणाला गेल्या वर्षी, अख्ख्या जिल्ह्यात अशी वही नाही."

ग्लेनिसचे शब्द अगदी ओठांवर आले होते.

"आणि तुला एक सांगायचंय," डेस्ली पुढे म्हणाली, तिचे गाल लाल झाले होते. "कोणाला सांगू नकोस हं. पुढच्या वर्षी ते प्रदर्शनवाले मला एकटीला बोलावतायत. ब्रसेल्सला. नुसतं ताट धरून उभं राहायला नाही, भाषण करायला. मी! बेडकाला घाबरणारी!"

ती हसली. ग्लेनिसही हसली. अख्ख्या जिल्ह्यात नाही अशी वही, आणि ती वही होती ग्लेनिसची. भाषण मात्र हिचं. ओठांवर आलेले शब्द परत खाली गेले.

"स्कोन्स गरम आहेत तोवर झाकून ठेव," ती म्हणाली. "फडकं नंतर दे सावकाश."

गुरुवारी दुपारी पांढरी गाडी पलीकडे शिरताना ग्लेनिसने स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितली. शुक्रवारी सकाळी ट्रेव्हर ट्रेलरमध्ये पांढऱ्या तोंडाचा बैल घालून आला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"तुमचा हा आमच्यात सापडला," तो एरलला म्हणाला. "तपासनिसाला पहिला हाच दिसला. वर्षभरासाठी नाव काढलं यादीतून. जूनचा सगळा माल अडकला."

एरलने टोपी काढली. काढून हातात धरून उभाच राहिला. "ट्रेव्ह... अरे, माझाच बैल. आता मी काय बोलू?"

"तुझा काय दोष? आमची जमीन, आमची जबाबदारी. डेस्लीनेच बघायला हवं होतं. ओढ्याकडचा फेरा तिचा असतो. म्हणते, मंगळवारी गेले होते, सगळी गुरं बघितली, नव्हता. आता नव्हता म्हणजे काय? दिसला नाही असं म्हण!"

"ग्लेन, तू सोमवारी गेली होतीस ना तिकडे?" एरलने विचारलं.

"तेव्हा तार शाबूत होती," ग्लेनिस म्हणाली.

पहिले दोन-तीन दिवस तिला आतून गोड वाटलं, हे नाकारण्यात अर्थ नाही. ती एकदा गाणं गुणगुणतानाही सापडली, स्वतःलाच. मग ते ओसरलं. गावात जिथे जावं तिथे डेस्लीचाच विषय. बिचारी डेस्ली. एवढी नेकीने करणारी बाई, आणि एका भटक्या बैलापायी. मर्व्हने तिच्यासाठी मधाची बाटली पाठवली. बायकांच्या मंडळाने कार्ड लिहिलं, त्यावर ग्लेनिसलाही सही करावी लागली. वैभव होतं तेव्हा तिचं कौतुक, आणि गेलं तर कळवळाही तिच्याच वाट्याला. केरडने किल्मोरीचा भाव पाडला तेव्हा कोणी मधाची बाटली पाठवली होती?

मे महिन्यात केरडचा फोन आला. "चीनचा कोटा भरत आलाय. पंधरा दिवसांत कत्तलखाने हात आखडतील. काढून टाका आत्ताच."

एरलने एकशे ऐंशी बैल दोन दिवसांत काढून टाकले. भाव इतका पडेल होता की तो घरी येऊन जेवलाच नाही. ट्रेव्हरला विकायचं नव्हतं. युरोपला माल जात नाही आणि इकडे भाव पडलेला, मग गवत आहे तोवर उभीच राहू देत गुरं, असं म्हणून तो हातावर हात ठेवून बसला.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात अमेरिकेने बीफवरचं जास्तीचं आयात शुल्क उठवलं. तिथे दुष्काळाने गुरं घटलेली, हॅम्बर्गरला मांस पुरेना, दुकानांत बायका भाव ऐकून ओरडायला लागलेल्या. तिथल्या सरकारने रातोरात निर्णय फिरवला. अमेरिकेला कानातल्या भोकाचं काही देणंघेणं नव्हतं. भोक असो नसो, चरबी कमी हवी आणि लवकर हवी. आठवड्याभरात भाव असा चढला की जवळच्या रोमा गावच्या गुरांच्या बाजारात म्हातारे शेतकरी पाटीवरचा आकडा पुन्हा पुन्हा बघत उभे राहिले. आणि त्या आठवड्यात सगळ्या पंचक्रोशीत कोणाच्या कुरणात भरलेली, तयार गुरं उभी होती? ट्रेव्हरच्या. युरोपवाल्यांनी जे दिलं असतं त्याच्या कितीतरी वर त्याला मिळालं.

एरल ते ऐकून हसला. खरोखरचा, मनमोकळा. "नशीब काढलं लेकाच्याने!" म्हणाला. "माझ्या बैलाने त्याचं भलंच केलं की!" आणि फोन उचलून त्याने भावाचं अभिनंदन केलं. ग्लेनिस भांडी घासत होती. त्या दिवशी तिने एक कप फोडला. मुद्दाम नाही, पण तुकडे उचलताना तिला वाईटही वाटलं नाही. तिला जाळत होतं ते एवढंच, की या बाईला पाडायला जावं तरी ती वरच पडते.

ऑगस्टमध्ये एरलची साठी झाली. इथे तो हिवाळा, हवेत गारठा होता. अंगणात लाकडं पेटवून सगळे भोवती बसले होते. डेस्ली आली तेव्हा तिच्या डोळ्यांवर नवा चष्मा होता, जाड काचांचा. ती वाळली होती. कोणी तरी अमेरिकेच्या चढ्या भावाची गोष्ट काढली, आणि ट्रेव्हरने बिअरची बाटली उंचावली.

"त्या पांढऱ्या तोंडाच्या बैलाला माझा सलाम!"

सगळे हसले. डेस्लीही हसली, जरा उशिरा. "खरंच," ती म्हणाली. "देवानेच धाडला म्हणायचा."

केक कापून झाला. दोघी जावा बशा घेऊन आत आल्या. ग्लेनिस धुवायची, डेस्ली पुसायची. अठ्ठावीस वर्षांतल्या कितीतरी सणांना हे असंच चालत आलं होतं. "आता सगळं विसरायचं ठरवलंय मी," डेस्ली म्हणाली. "झालं ते चांगल्यासाठीच झालं. त्या बैलाचे उपकारच मानते."

ग्लेनिसला पश्चात्ताप झाला होता असं नव्हे. तसं कोणी समजू नये. तिला फक्त हे सोसवेना की आपल्या हातून घडलेली गोष्टसुद्धा या बाईच्या घरी जाऊन देवाची कृपा होऊन बसावी.

"देवाने नाही धाडला," ती म्हणाली. "मी बघितला होता."

"काय?"

"बैल. सोमवारी. तपासणीच्या आधीच्या. तुमच्या गुरांत उभा होता. फोनला रेंज होती. मी नाही केला."

डेस्ली बशी पुसत होती, ती तशीच पुसत राहिली. कोरडी झाली तरी पुसत राहिली.

"स्कोन्स आणलीस त्याच्या आधी?"

"आधी."

"माझ्या स्वयंपाकघरात उभी होतीस तेव्हा तुला माहीत होतं?"

"हो."

डेस्लीने बशी ओट्यावर ठेवली, अगदी हळू. "मी मंगळवारी गेले होते ओढ्यावर," ती म्हणाली. "प्रत्येक जनावर बघितलं होतं. तो गवतात बसला असेल, मागे असेल, मला नाही दिसला. ट्रेव्हर तीन आठवडे माझ्याशी धड बोलला नाही. मला वाटलं, माझं वय झालं. मला दिसेनासं झालं. ग्लेन, मी रोमाला जाऊन डोळे तपासून आले! त्या डॉक्टरला म्हटलं, मला समोरचा बैल दिसत नाही हो. तो म्हणाला, बाई, नंबर थोडासाच वाढलाय. मी म्हटलं, नाही, जाडच द्या."

तिने चष्मा काढला आणि हातात धरला. ग्लेनिसने नळ बंद केला.

"पण तुमचा फायदाच झाला की शेवटी," ती म्हणाली. म्हटल्यावर तिलाच आपला आवाज ऐकवेना.

"ट्रेव्हरचा झाला. गुरं त्याची, पैसे त्याचे. ती वही माझी होती." डेस्लीचा आवाज चढला नव्हता. "तेवढं एकच होतं गं माझं या गावात. बाकी सगळं तर तुझ्याकडून शिकलेलंच होतं."

बाहेर कोणी तरी गाणं सुरू केलं. डेस्लीने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"लिहून दे," ती म्हणाली.

"काय लिहून देऊ?"

"हेच. तू बघितलास, कोणत्या दिवशी, कुठे, आणि सांगितलं नाहीस. तपासणी कचेरीला. म्हणजे माझ्या नावापुढे निष्काळजी असं जे लिहिलंय ते पुसलं जाईल."

"डेस, सगळ्या गावाला कळेल."

"कळू दे."

ती बाहेर गेली, एरलच्या गालाला गाल लावून तिने शुभेच्छा दिल्या, आणि ट्रेव्हरला घेऊन निघून गेली.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला ग्लेनिसने एरलला सगळं सांगितलं. त्याने टोस्ट खाली ठेवला. ओरडला असता तर बरं, असं तिला झालं.

"नऊ वर्षांत एकदा तरी म्हणायचंस," तो म्हणाला. "की तुला ते युरोपचं करायचं होतं. मी हसलो होतो खरा, पण तू म्हणाली असतीस तर केलं असतं."

"मला नव्हतंच करायचं," ग्लेनिस म्हणाली. "तिचं चांगलं चाललं नव्हतं तोवर मला ते नकोच होतं."

एरलने मान हलवली, टोपी घातली आणि तो कामाला गेला. दारातून मागे वळून म्हणाला, "लिही. आजच लिही."

पहिलं पत्र दोन पानांचं झालं. त्यात पूर होता, चीन होतं, केरड होता, पडलेला भाव होता. वाचून तिला स्वतःचीच शिसारी आली. दुसऱ्यात 'बहुधा' हा शब्द चार वेळा आला. तिसरं सहा ओळींचं झालं. त्यावर तिने सही केली आणि ती स्वतः पलीकडे घेऊन गेली. डेस्लीने ते व्हरांड्यात उभ्या उभ्या वाचलं.

"तार बांधलीस हे नव्हतं सांगितलंस मला," ती म्हणाली.

"नव्हतं."

"बैलाच्या बिल्ल्याचा नंबर घाल. त्याशिवाय ते घेणार नाहीत."

ग्लेनिसने पेन मागून घेतलं आणि कठड्यावर कागद ठेवून नंबर घातला. तो तिला तोंडपाठ होता. डेस्लीने तिला आत ये म्हटलं नाही, चहा विचारला नाही. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा ती त्या दारातून चहा न घेता परत फिरली.

गावाला कळलंच. मर्व्ह आता मिठाच्या विटा न बोलता पिकअपमध्ये टाकायचा. मंडळाच्या चहाला ग्लेनिसने नेलेली स्कोन्स बायका घ्यायच्या, पण तिच्या शेजारची खुर्ची रिकामी राहायची. ती तरीही जायची. घरी बसले तर पुन्हा कधीच जाणं होणार नाही, एवढं तिला कळत होतं. ट्रेव्हर ओढ्यावर भेटला की एरलशी बोलायचा, तिच्याकडे बघून टोपीला नुसतं बोट लावायचा. भावांनी मिळून पक्कं कुंपण घातलं, पाच तारांचं.

तपासणी कचेरीतून दोन माणसं आली. त्यांनी ग्लेनिसला तासभर प्रश्न विचारले, ओढ्यावर उभं करून जागा दाखवायला लावली, पुन्हा सही घेतली. नोव्हेंबरात पलीकडचं नाव यादीत परत चढलं, आणि डेस्लीच्या नावापुढचा तो शब्द गेला. ब्रसेल्सचं भाषण मात्र तोवर दुसऱ्या कोणाला देऊन झालं होतं.

डिसेंबरच्या पहिल्या मंगळवारी सकाळी ग्लेनिस फाटकाजवळ टपालाची पेटी उघडत होती, तेव्हा पलीकडून गुरांचा मोठा ट्रक निघाला. युरोपच्या मालाचा पहिला. तिच्या समोरून धुरळा उडवत तो गेला. फळ्यांच्या फटींतून तांबडी अंगं दिसत होती, भरलेली, चकचकीत. ग्लेनिसच्या मनात जुनी ओळखीची जळजळ उठली. एवढं सगळं होऊनही ती कुठे गेली नव्हती. ट्रक वळणाआड जाईपर्यंत ती उभी राहिली. मग तिने खिशातून फोन काढला, आणि या खेपेला लावला.

बऱ्याच वेळाने तो उचलला गेला.

"हं," डेस्ली म्हणाली.

"तुमचा ट्रक गेला आत्ता. बघितला मी." ग्लेनिस म्हणाली. "मला हेवा वाटला. लगेच सांगावं म्हणून फोन केला."

लांब कुठे तरी कुत्रं भुंकत होतं, तेवढं फोनमधून ऐकू येत होतं.

"फार?" डेस्लीने विचारलं.

"फार."

"बरं." ती म्हणाली. "आमचं रस्त्याकडचं फाटक नीट लावलंय का ड्रायव्हरने? तो विसरतो."

ग्लेनिस रस्त्यावर दोन पावलं पुढे गेली, डोळ्यांवर हात धरून तिने बघितलं.

"उघडंच आहे," ती म्हणाली. "थांब, लावून येते."